हिलाल काटेकऱ्याच्या हँडलाची परीक्षा

सुज्ञ आणि सहनशील वाचकहो, प्रस्तुत कथेत एका सायकलीच्या हँडलाची निवड, त्या हँडलाची परीक्षा, आणि ते परीक्षेत उत्तम प्रकारे उतरल्यामुळे त्याच्या मालकावर ओढवलेला प्रसंग, इतक्या गोष्टींचे यथामती निवेदन करण्यात येईल. हँडल ही वस्तू क्षुल्लक आहे असे ज्यांस वाटत असेल त्यांनी धावत्या सायकलीवरून ती क्षणभर काढून पाहावी, म्हणजे त्यांचा गैरसमज फार काळ टिकणार नाही.

इसवी सन एकोणीसशे छत्तीसच्या सुमारास शहादे येथील एका कापसाच्या जिनात हिलाल दगा पाटील नामक तरुण काटेकरी म्हणून नोकरीस होता. जिनात येणारी प्रत्येक गाडी काट्यावर चढवून वजन बोलणे हे त्याचे काम. या कामात त्याची दृष्टी इतकी तयार झाली होती की, गाडी फाटकातून आत शिरतानाच तो आकडा पुटपुटत असे आणि मागाहून काटाही मुकाट्याने तेच सांगत असे. देहाने किडकिडीत, वागण्यात सरळ आणि टोपीच्या बाबतीत अत्यंत टापटिपीचा असा हा गृहस्थ जगात केवळ एका प्राण्यास भीत असे. तो प्राणी म्हणजे घोडा.

आणि दैवाची योजना पाहा, की त्यास सासरा मिळाला तो सारंगखेड्याचा धुडकू पाटील! दरवर्षी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा जो बाजार भरतो, त्यात दूरदूरचे गिऱ्हाईक या धुडकू पाटलाने जनावराच्या मानेवर हात ठेवल्यावाचून सौदा करीत नसे. त्याच्या स्वतःच्या दारी चंद्री नावाची पांढरी घोडी होती. लग्नाच्या दिवशी नवरदेव हिलाल याच चंद्रीवर बसावयास गेला असता तिने मान वळवून त्याच्या बाशिंगाचा डावा अर्धा भाग शांतपणे खाऊन टाकला. उरलेल्या अर्ध्या बाशिंगानिशी तो बोहल्यावर चढला. त्या दिवसापासून घोडी दिसली की हिलालचा हात आपोआप डोक्याकडे जाई.

म्हणूनच नोकरी कायम होताच त्याने बदली होऊन जाणाऱ्या एका कंपाउंडराची जुनी सायकल घेतली. तिचा पुढचा ब्रेक कंपाउंडराच्याच कारकिर्दीत दिवंगत झाला होता. तरीही सायकल ना चावते, ना खिंकाळते, एवढ्या दोन गुणांवर हिलाल तिच्यावर लुब्ध होता. परंतु त्या मार्गशीर्षात, यात्रेच्या ऐन गर्दीत, पत्नी मंगलाबाई हिला मागे बसवून तो सारंगखेड्यास शिरला, तेव्हा त्याने हँडल डावीकडे वळविले आणि चाक मात्र सरळच गेले. जीर्ण हँडलाची मान आतून सैल झाली होती. उभयता एका व्यापाऱ्याच्या कडब्याच्या गंजीत जाऊन पडली. कडबा खाणारे घोडे दचकून बाजूला झाले, आणि चाळीस-पन्नास घोडेवाले, ज्यांच्यात धुडकू पाटलाचा शब्द चालत असे, ते पोट धरधरून हसले.

धुडकू पाटलाने जावयास हात देऊन उठविले, त्याच्या टोपीतील कडबा स्वतः काढला आणि सर्वांदेखत सांगितले,

"जवाई, हाई तुमनं लोखंडनं घोडं मान टाकस. मान टाकनारं जनावर मी दारशी बांधत नही. मन्ही आंडेर मंगला आते त्याच्यावर बठाव नही."

"मामा, नवं हँडल लावस ना मी," हिलाल कडब्यातूनच म्हणाला.

"लावा. आखाजीले मंगला माहेरले ई. तिले लेवाले तुम्ही सायकलवरच या. त्यानी मान मी मन्हा हातनी तपाससू. टिकनी, त आंडेरले बठाडा आनि खुशाल जा. नही टिकनी, त सायकल ईकी टाका. चंद्री तयार शे. तिच्यावर बठीसन, भरदुपारले, गावना मधून जानं."

मंगलाबाई पदराआड हसत होती असे काहींचे म्हणणे आहे. हिलालने ते पाहिले नाही, कारण त्या वेळी तो चंद्री कोठे आहे ते पाहत होता.

शहाद्याच्या बाजारात रेवजी मिस्त्रीचे सायकलीचे दुकान होते. हा रेवजी मोठा खोचक मनुष्य. गिऱ्हाइकाने जी वस्तू मागितली ती तो कधी प्रथम दाखवीत नसे. आखाजीस, म्हणजे अक्षय्य तृतीयेस, पंधरा दिवस उरले असता हिलाल दुकानी गेला व म्हणाला, "मिस्त्री, चांगलं हँडल द्या."

"चांगलं म्हंजे कसं? गहूबी चांगला, चाबूकबी चांगला. कोठे चालाडशी, मांगे कोन बठी, हँडलले काय टांगशी, हाई सांग. मंग मी सांगस."

"शहादातीन सारंगखेडा. मांगे मंगला. टांगाले काय? मन्हा दोन हात."

"फक्त हात?" रेवजीने एक डोळा मिटला. "धुडकू पाटलाना जवाई ना तू? नीट इचार करीसन सांग."

परंतु हिलालची दृष्टी एव्हाना खुंटीवरील एका हँडलावर जडली होती. ते निकेलचे हँडल इतके झगझगीत होते की त्यात त्यास स्वतःची टोपी, टोपीखालील चेहरा आणि चेहऱ्यावरील मोह ही तिन्ही स्पष्ट दिसली. त्याच्या दोन्ही भुजा राजहंसाच्या मानेसारख्या खाली झुकून पुनः वर वळल्या होत्या.

रेवजीने ते खाली काढले आणि पान्याने हलकेच ठोकले. देवळातील घंटीसारखा गोड नाद झाला.

"कितलं गोड बोलस!" हिलाल म्हणाला.

"गोड बोलस, कारन नळीना पत्रा पातळ शे. एकला मानूस, डांबरी रस्ता, त जनमभर पुरी. पन दख, भुजा लांब, वळन मोठं. जितली लांब भुजा, तितला मधला सांधावर जोर. आनि सांधा फक्त वरवर झाळेल शे."

यानंतर त्याने फळीखालून दुसरे एक हँडल ओढून काढले. काळे, जाड, आखूड, म्हशीच्या शिंगांसारखे. नंदुरबारच्या एका पाववाल्याने पुढे मोठी टोपली बांधण्यासाठी ते मागविले होते आणि मग तो धंदा सोडून सुरतेस निघून गेला होता. रेवजीने त्यावर पाना मारला. "ठक्" असा एकच बद्द आवाज झाला.

"हाई गोड बोलत नही. पन दख, मधमा नळीना आंदर दुसरी नळी शे. मान सायकलमा चार बोटं आंदर जास. हाईवर तू सौसार टांग."

"मिस्त्री, हाई लायीसन जिनना फाटकमा गऊ, त माले लोके पाव लेवासाटी थांबाडतीन," असे बोलून हिलालने निकेलचे हँडल उचलले. रेवजीने ते बसवून दिले. मात्र काळे हँडल त्याने फळीखाली परत न टाकता वरच ठेवले, ही गोष्ट हिलालच्या ध्यानात आली नाही.

चार दिवस हिलालने मोठ्या डौलात काढले. जिनातील हमाल हँडलात पाहून मिशा सारख्या करू लागले. पाचव्या दिवशी त्याचा मेहुणा रतिलाल बाजारासाठी आला, हँडल पाहून त्याने शीळ घातली आणि म्हणाला,

"दाजी, नवरदेव दिसी ऱ्हायनं! पन घरनी एक खबर शे. बाबानी निंबले झोका बांधाना दोर काढेल शे."

"आखाजी शे. झोका त बांधतीनच."

"दोर काढेल शे, पन पाट काढेल नही. बाबा म्हनस, यंदा पाटनी जागावर दाजीनं हँडल. दोन्ही बाजूले दोर, मधमा मानूस. मान टिकस का नही, सौसारले दिसी जाई."

"मधमा कोन बठी?" हिलालने सावधपणे विचारले.

रतिलालने आकाशाकडे पाहिले, टोपी काढली, पुनः घातली. "माय," तो म्हणाला.

हिलालच्या सासूबाई कमलबाई या सर्व दृष्टींनी भरभक्कम घराण्यातील होत्या. हिलालच्या मनातील काटा त्याची आज्ञा न घेता हलू लागला. एक वजन उतरले, दुसरे चढले, आणि काटा स्थिर झाला तो दाबून बांधलेल्या कापसाच्या अर्ध्या गाठीच्याही काही अंगुळे पुढे. तो आकडा जावयाच्या मर्यादेस अनुसरून त्याने ओठांबाहेर येऊ दिला नाही, व प्रस्तुत लेखकही देणार नाही. हिलाल घामाघूम झाला एवढे सांगणे पुरे.

मेहुणा-दाजी तडक रेवजीकडे गेले. हकीगत ऐकून रेवजी इतका हसला की हातातील ट्यूब पाण्यात पडली.

"मी पुसं व्हतं, काय टांगशी म्हनीसन! म्हने, फक्त हात!"

त्याने निकेलचे हँडल काढून दुकानाच्या आढ्यास दोराने टांगले. प्रथम हिलाल बसला. हँडल कुरकुरले, पण राहिले. मग रतिलाल त्याच्या मांडीवर बसला. तेव्हा त्या राजहंसाने दोन्ही पंख वर केले आणि मधोमध असा काही रामराम घातला की उभयता जमिनीवर आले. वाकलेले हँडल परत घेण्यास रेवजीने साफ नकार दिला. मात्र मोठ्या मनाने ते दुकानाच्या दारात ठोकून त्यावर जुन्या ट्यूबा अडकविण्याचे त्याने कबूल केले.

काळ्या हँडलावर मग दाजी, मेहुणा आणि शेवटी स्वतः रेवजी असे तिघे एकावर एक बसले. हँडल ब्र देखील बोलले नाही.

"हाई द्या," हिलाल खालून म्हणाला. त्यास त्या क्षणी त्या म्हशीच्या शिंगांत जे सौंदर्य दिसले ते निकेलमध्ये कधीच दिसले नव्हते.

आखाजीच्या दिवशी सकाळी तो सारंगखेड्यास पोहोचला. जिनातून एकाच दिवसाची रजा मिळाली होती, कारण दुसऱ्या दिवशी मोठा काटा तपासावयास साहेब येणार होते आणि काटेकरी हजर पाहिजे असा सक्त हुकूम होता. दारात मंगलाबाई उभी होती. तिने हँडल पाहिले आणि पदर तोंडास लावला.

"आहो, हाई हँडल शे, का म्हैसना डोकावरतीन काढीसन लयनात?"

"हास, हास. तुन्ही माय बठनार शे म्हने त्याच्यावर."

"तुमले कोनी सांगं?" असे ती म्हणाली खरी, पण आश्चर्य वाटलेल्या माणसाचा स्वर तो नव्हता.

इतक्यात धुडकू पाटील आला. त्याने सायकलीभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घातली. समोरून पाहिले, बाजूने पाहिले, हँडलाच्या मानेखाली हात घालून ती वर उचलून सोडली. घोड्याच्या अंगावरील केसांचा शुभाशुभ भोवरा शोधावा त्याप्रमाणे त्याने बोट नळीवरून फिरविले.

"रंग काळा शे. मान आखूड शे. देखना नही, पन जनावर कष्टाळू दिसस," तो नाइलाजाने म्हणाला. "दात नही, नही त उमरबी सांगतू. काढा बाहेर!"

हिलालने वरचा नट सैल केला, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून एक घाव घातला, आणि हँडल मानेसकट उपसून सासऱ्याच्या हाती दिले. अंगणातील निंबास त्याच्या दोन्ही मुठी दोरांनी बांधण्यात आल्या. गल्लीतील माहेरवाशिणी आपापले झोके सोडून पाहावयास धावल्या.

"मंगलानी माय!" धुडकू पाटलाने हाक मारली.

कमलबाई सांजोऱ्यांचे पीठ हातांस लागलेल्या स्थितीत बाहेर आल्या. त्यांनी झोक्याकडे पाहिले, आणि त्यांचा चेहरा क्षणभर सोळा वर्षांच्या मुलीचा झाला. येथे वाचकांस हे कळविणे अवश्य आहे की, आखाजीचा झोका हा लेकींचा. सुना त्या दिवशी चुलीपुढे असतात. धुडकू पाटलाच्या दिवंगत मातोश्रींनी तर या घराचा दंडकच घालून दिला होता की सुनेने झोक्याच्या पाटास पदरही लागू देऊ नये. त्यामुळे या घरात आल्यापासून अठ्ठावीस आखाज्या कमलबाईंनी चुलीपुढून इतरांचे झोके पाहिले होते.

"मी सून शे या घरनी. माले झोका चाली का?" त्यांनी अत्यंत विनयाने विचारले.

"हाई झोका कोठे शे? हाई परीक्षा शे. आनि पाट कोठे शे? लोखंड शे. बठ!" असे धुडकू पाटलाने फर्माविले.

"तुमना हुकूम शे, मंग मी काय करू!" असे म्हणून कमलबाईंनी घडी केलेली गोधडी हँडलावर ठेवली आणि त्या बसल्या.

दोर ताणले. निंबाची फांदी कण्हली. हिलालची दृष्टी मधल्या सांध्यावर खिळली होती, ओठ हलत होते, आणि चंद्री तबेल्यातून मान बाहेर काढून त्याच्या नव्या टोपीकडे पाहत होती. रतिलालने पहिला धक्का दिला. दुसरा दिला. हँडल तसूभर वाकले नाही. तिसऱ्या झोक्यास धक्क्याची गरज उरली नाही, कारण कमलबाईंनी स्वतःच पाय लांब केले होते.

"बस, बस! मान टिकनी!" धुडकू पाटील ओरडला. "जवाई जितनात! उतर आते!"

"आशी कशी टिकनी?" कमलबाई वरून म्हणाल्या. "घोडं घेवाना टाइमले तुम्ही एकच फेरी मारतस का? माले निट तपासू द्या!"

त्यांनी पुष्कळ वेळ तपासले. नंतर शेजारची थोरली सून तपासावयास आली. मग पलीकडच्या वाड्यातील तिघी जावा आल्या. "पाट नही, लोखंड शे" हे वाक्य गल्लीभर पसरले आणि जिच्या तिच्या हातातील लाटणे तसेच राहून घरोघरच्या सुना धुडकू पाटलाच्या अंगणात जमल्या. चुलीवरचे तेल एकटेच तापू लागले. हिलाल प्रथम भीतीने आणि पुढे सवयीने प्रत्येकीचे वजन मनात नोंदवीत होता. दुपारपर्यंत त्या हँडलावरून साडेसात गाठी कापसाइतका ऐवज झुलून गेला, आणि हँडल होते तसेच सरळ!

हिलालची छाती त्या दिवशी प्रथमच सदऱ्यास पुरेनाशी झाली. ऊन कलू लागताच तो पाना घेऊन झोक्याजवळ गेला. "मामी, आते उतरा. हँडल लावस आनि निंघस. सकाळले साहेब येनार शे."

कमलबाई उतरल्या, परंतु दोराच्या गाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "हँडल कसं काढशात? बांधेल झोका पाच दिवस सोडाना नही."

"कोना नेम शे हाऊ?" हिलालने दचकून विचारले.

"यासले पुसा," कमलबाईंनी नवऱ्याकडे हनुवटी केली. "यासनीच मायना. पाट लावा नही म्हनीसन झोका नही, आसं म्हनतस, पन दोर त निंबलेच बांधेल शेत ना?"

धुडकू पाटील विचारात पडला. मातोश्रींचा तो नेमही खरा होता. त्याने मिशीवरून हात फिरविला, मग दुसऱ्या बाजूने फिरविला, आणि हळूहळू त्याचा चेहरा उजळत गेला.

"जवाई, शरत तुम्ही जितनात. मंगलाले लई जा, मन्हं काही म्हननं नही. सायकलवर बठाडा. पन वळाडशात कशी?" मग तबेल्याकडे तोंड करून तो गरजला, "रतिलाल! चंद्रीवर खोगीर टाक!"

हिलालने सायकलीकडे पाहिले. हँडलावाचून ती मान कापलेल्या कोंबड्यासारखी भिंतीस टेकली होती. त्याने सासूबाईंकडे पाहिले. त्या पुनः गोधडीची घडी करीत होत्या. पायी जावे तर पाच कोस, मंगलाचे गाठोडे, शिवाय सांजोऱ्यांची दुरडी. जिंकलेला मनुष्य इतका केविलवाणा त्या अंगणात पूर्वी कोणी पाहिला नसेल.

मंगलाबाईने मात्र गाठोडे केव्हाच बांधले होते. ती घोडेवाल्याची लेक. तिने पदर खोचला, रिकिबीत पाय ठेवला आणि सर्व गावादेखत चंद्रीवर पुढे जाऊन बसली.

"या, मांगे बठा. डोया मिटी ल्या. टोपी खिसामा ठेवा."

हिलाल मागे बसला. सारंगखेड्याच्या भर वस्तीतून तो असा गेला, की डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हात पत्नीच्या गाठोड्यास घट्ट, आणि ओठांवर मारुतीचे नाव. शिवेबाहेर आल्यावर मंगलाबाई म्हणाली,

"आहो, एक सांगू? रागे नका भरू."

"खाले उतरावर सांग."

"झोकानी गोठ बाबाना डोकामा मायनी भरी. मायना डोकामा मी. अठ्ठावीस वरीस ती चुलामोरे बठनी हो! आनि माले बी चंद्रीवर बठानं व्हतं. लगीन व्हयनं तवापासून बठेल नही मी."

 हिलालने एक डोळा उघडून पाहिले. घोडी दुडक्या चालीने सरळ चालली होती, लगाम मंगलाच्या हाती मऊ होता आणि चावण्याचे कोणतेही चिन्ह नव्हते. त्याने दुसराही डोळा उघडला. इतक्यात चंद्रीने मान किंचित वळविली, तेव्हा दोन्ही पुनः मिटले.

आठवड्याने रतिलाल चंद्रीस न्यावयास आला. गाडीत सायकल होती, हँडल नव्हते.

"माय म्हनस, आशीर्वाद सांगजो. पन हँडल देवाव नही. फुडला वरीसना आखाजीसाटी गल्लीमधल्या समद्या सुनासनी नंबर लाई ठेवा शे."

हिलाल सायकल ढकलत रेवजी मिस्त्रीच्या दुकानी गेला.

"कसं निंघनं काळं?" रेवजीने विचारले.

"लय मजबूत निंघनं, मिस्त्री. तोच घोळ व्हयना. आते आखो एक द्या. पन सासूले आवडाव नही आसं."

 रेवजी उठला, दारातील खिळ्याकडे गेला, आणि त्या वाकलेल्या निकेलच्या हँडलावरील जुन्या ट्यूबा एक एक करून खाली काढू लागला.

ही हकीगत मी स्वतः रतिलालच्या तोंडून ऐकली, आणि ते काळे हँडल निंबास बांधलेले माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. माझे शिक्षण मराठी चौथ्या इयत्तेपलीकडे गेले नाही. तेव्हा भाषेत जेथे मान टाकली गेली असेल तेथे वाचकांनी सांभाळून घ्यावे. आपण अमूल्य वेळ खर्च करून येथवर वाचलेत याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
रायसिंग देवाजी गिरासे
मु. शहादे, जि. पश्चिम खानदेश